पुस्तक बदलण्याची रीत : गिरगावापासून शीव कोळीवाड्यापर्यंत

मुंबई बेटाच्या उत्तर टोकाला, जेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या परळ बेटाची हद्द संपून खाडीपलीकडे पोर्तुगीजांच्या साष्टीचा अंमल सुरू होई, जेथे गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या कारकीर्दीत १६६९ ते १६७७ या काळात टेकडीवर चौकीचा किल्ला उभा राहिला, आणि जेथून पुढे १७९८ ते १८०५ या वर्षांत गव्हर्नर जोनाथन डंकन याने खाडीवर बांध घालून साष्टीची वाट मोकळी केली, त्या शीवेच्या कोळीवाड्याविषयी लिहिणारे बहुधा किल्ला, बांध आणि मासळी या तीन विषयांपाशीच थांबतात. त्यांतला एखादा पुढे गेलाच, तर फाळणीनंतर लष्करी बराकींत आश्रयाला आलेली पंजाबी कुटुंबे आणि हार्बर मार्गावरील कोळीवाडा स्थानकाला कालांतराने मिळालेले गुरू तेगबहादूर नगर हे नाव यांचा उल्लेख करून तो लेखणी खाली ठेवतो. माझा विषय याहून निराळा आहे. या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरात मराठी गद्यातील काही थोर ग्रंथांचे कर्ते राहिले, शिकवीत होते, मजुरी करीत होते. ते ग्रंथ याच भागातील सामान्य वाचकाच्या हाती कोणत्या मार्गाने गेले, कोणी कोणाला सुचवले आणि किती उशिरा सुचवले, हा तो विषय होय.

ग्रंथाची शिफारस करणे हे आज आपण मित्राचे किंवा समीक्षकाचे काम समजतो. परंतु मराठी मुद्रणाच्या आरंभकाळी ते प्रायः सरकारदरबारचे काम होते. पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेचा जो निधी इंग्रजांच्या हाती आला, त्यातील काही भाग मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्याकडे वळवण्यात आला, आणि दक्षिणा प्राइज कमिटीचा अभिप्राय हीच दीर्घकाळ ग्रंथाच्या योग्यतेची सनद ठरली. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारी दप्तरी होऊ लागली. त्रैमासिक याद्यांत नाव, कर्ता, विषय, पृष्ठे, किंमत यांचा मजकूर भरला जाऊ लागला. वाचकाने काय वाचावे यापेक्षा त्याने काय वाचू नये याची चिंता त्या पिढीला अधिक होती. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहिला, तो या चिंतेचा सर्वांत विचारी दस्तऐवज होय. लंडनमध्ये त्याच सुमारास म्यूडी नावाच्या गृहस्थाचे वर्गणीदारांचे ग्रंथालय कोणती कादंबरी सभ्य कुटुंबात जावी आणि कोणती जाऊ नये हे ठरवीत होते, आणि त्याच्या पसंतीवर प्रकाशकांचे भवितव्य अवलंबून असे. मुंबईत इतकी सत्ता कोणा एका दुकानदाराच्या हाती कधीच आली नाही, हे मराठी वाचकाचे भाग्य म्हटले पाहिजे.

मासिकांनी सरकारी शिफारशीची ही मक्तेदारी प्रथम सैल केली. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ साली निघाले आणि १९३७ पर्यंत चालले. त्या सत्तर वर्षांत नव्या ग्रंथांच्या परीक्षणाला तेथे हक्काची जागा असे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे ‘केरळकोकिळ’ १८८६ पासून मोठ्या तडफेने पुस्तकांची झाडाझडती घेत होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ काढून आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक प्रसिद्ध करून घराघरांतील स्त्रियांना वाचकवर्गात मानाने आणून बसवले. परंतु मासिक विकत घेणारा कारकून किंवा मास्तर हा शेवटी मूठभरांपैकी एक. ज्याच्याजवळ पुस्तकाला पैसे नाहीत त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी ग्रंथालयच हवे होते.

ते १८९८ साली आले. प्लेगने शहराची दाणादाण उडवली होती, चाळी रिकाम्या होत होत्या, लोक गावाकडे पळत होते; अशा वर्षी दोन संस्था जन्माला आल्या. एक इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, ज्याने पुढील काळात दादर, माटुंगा, शीव हा शेतीवाडीचा मुलूख आखून तेथे मध्यमवर्गाच्या वसाहती वसवल्या. दुसरी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, जिची स्थापना १ ऑगस्ट रोजी झाली. पहिलीने वस्ती उत्तरेकडे नेली, आणि दुसरीच्या शाखा त्या वस्तीच्या मागोमाग गिरगावातून उत्तरेकडे सरकत गेल्या. मुंबईच्या इतिहासकारांनी या दोन घटना एकत्र ठेवून पाहिलेल्या माझ्या आढळात नाहीत. परंतु दादर-नायगावच्या सांस्कृतिक जीवनाची घडण समजून घ्यायची तर त्या एकत्रच ठेवल्या पाहिजेत.

या ग्रंथालयांतून ‘पुस्तक बदलणे’ ही जी रीत रूढ झाली, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमच्या शहरातील खरी ग्रंथशिफारस तेथेच होत असे. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर, किंवा दुपारची झाकपाक आटोपल्यावर, घरातील कोणाला तरी पिशवीत पुस्तक घालून धाडले जाई. बहुतेक वेळा हा निरोप्या एखादा शाळकरी मुलगा असे, आणि त्याला आईची, आजीची व शेजारच्या काकूंची आवड एकाच फेरीत सांभाळावी लागे. अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी, मुदत, उशिराचा दंड, हा सगळा बंदोबस्त कागदावर चोख. परंतु कोणते पुस्तक कोणाला द्यायचे याचा निवाडा टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या स्मरणात असे. नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याप्रमाणे तो परत आलेल्या पुस्तकावरून आणि परत येण्याच्या त्वरेवरून घरातील वाचकाची प्रकृती ओळखी. लागोपाठ तीन कादंबऱ्या नेणाऱ्याच्या हाती तो चौथ्या खेपेस न मागता एखादे प्रवासवर्णन ठेवी, प्रवासवर्णन रुचले तर लघुनिबंध देई, आणि निबंध दोन दिवसांत परत आला तर पुन्हा न बोलता कादंबरीकडे वळे. कथा, प्रवास आणि निबंध यांचे असे मिश्रण हे कोणत्याही पाठ्यक्रमात नव्हते. ते या अल्पवेतनी, अनाम माणसांनी घडवले, आणि मराठी वाचकाच्या अभिरुचीवर त्यांचे ऋण विद्यापीठांच्या ऋणाहून कमी नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी शिफारस निनावी असे. ग्रंथालयाच्या पुस्तकात शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले अभिप्राय ज्यांनी वाचले नाहीत असे जुने वाचक विरळाच. ‘अवश्य वाचावे’, ‘शेवट पटला नाही’, ‘पहिली पन्नास पाने सोडून वाचा’. आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात त्याचे खंडन. नियमपत्रकात असे लिहिण्यास सक्त मनाई असे आणि ती योग्यच होती. तरीही वाचकाने वाचकाला दिलेली ती विनामूल्य ग्वाही होती, आणि छापील परीक्षणात जो स्पष्टपणा क्वचित आढळे तो तेथे सहज सापडे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्या भाषेत काय काय छापले गेले याचा हिशेब प्रथमच एका जागी मिळाला. परंतु त्यातील कोणते कोणाच्या मनात उतरले याचा हिशेब त्या पेन्सिलीच्या ओळींत होता, आणि तो जुन्या पुस्तकांच्या रद्दीबरोबर नाहीसा झाला.

गिरणगावात मात्र टेबल आणि वर्गणी यांचा हा व्यवहार पुरेसा नव्हता. बारा-बारा तास साच्यावर उभे राहणारा कामगार ग्रंथालयाच्या वेळेत ग्रंथालयात येणार कसा? ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, तिने रात्रशाळा व वाचनालये तर चालवलीच, शिवाय फिरती ग्रंथालये काढून पुस्तकेच वाचकाच्या दारी नेली. परळच्या लोकवस्तीत जो साक्षर असे त्याने मोठ्याने वाचावे आणि खोलीतील बाकीच्यांनी ऐकावे, असा हा वाचनव्यवहार. एका पुस्तकाचे दहा श्रोते होत. पुढे १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने जी कल्याण केंद्रे निघाली, त्यांनी हीच परंपरा सरकारी आधाराने चालू ठेवली. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही गिरणी कामगारांच्या जीवनावरील कादंबरी १९३३ ची. ज्यांच्याविषयी ती लिहिली गेली त्यांच्या कानांवर ती अशाच सामूहिक वाचनांतून पडण्यासारखी होती. दादरच्या हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘राजगृह’ बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. आपल्या नेत्याने पुस्तकांसाठी घर बांधले, ही वार्ताच माटुंग्याच्या लेबर कॅम्पातील आणि नायगावच्या चाळींतील तरुणांना वाचनाची केवढी मोठी शिफारस होती, हे निराळे सांगायला नको.

आता शीवेजवळ येऊ. माटुंग्याच्या पूर्वेस, कोळीवाड्यापासून फार दूर नाही, खालसा महाविद्यालय १९३७ साली सुरू झाले, आणि १९४१ ते १९४६ या काळात तेथे मराठीचे अध्यापन करीत होते अनंत काणेकर. ‘पिकली पाने’, ‘शिंपले आणि मोती’, ‘तुटलेले तारे’ हे त्यांचे लघुनिबंधसंग्रह तोपर्यंत वाचकप्रिय झाले होते, आणि १९४० साली त्यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ हे युरोप व रशियाचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले होते. मराठी प्रवासवर्णनाला स्थळांच्या यादीतून आणि बोटीच्या वेळापत्रकातून सोडवून त्याला लेखकाच्या व्यक्तित्वाचा रंग देण्याचे श्रेय या पुस्तकाला दिले जाते, आणि ते यथार्थ आहे. रेल्वेच्या रुळांपलीकडे, पश्चिमेस, धारावीला लागून असलेल्या माटुंगा लेबर कॅम्पात त्याच दशकात वाटेगावाहून आलेला, शाळेशी जेमतेम दीड दिवसाचा संबंध आलेला एक तरुण पोवाडे रचीत होता, आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करीत होता. स्टालिनग्राडवर पोवाडा लिहिणाऱ्या त्या तरुणाला, म्हणजे अण्णाभाऊ साठ्यांना, १९६१ साली सोव्हिएत देश पाहण्याचा योग आला आणि त्यातून ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक निर्माण झाले.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचा, अशी शिफारस माझ्या ऐकण्यात कधी आली नाही, आणि या लेखाचा खरा उद्देश ती करणे हाच आहे. एक प्राध्यापक, दुसरा मजूर. एकाची दृष्टी लंडनच्या धुक्यातून मॉस्कोकडे जाते, दुसऱ्याची लेबर कॅम्पातून. एकाजवळ इंग्रजी वाङ्मयाचा व्यासंग आणि मिष्कील तटस्थता, दुसऱ्याजवळ पायी तुडवलेल्या वाटांचा अनुभव आणि रस्त्यात दिसलेल्या प्रत्येक श्रमिकाविषयी उत्सुकता. काणेकर पाहतात आणि तोलतात. अण्णाभाऊ पाहतात आणि आपल्या माणसांशी ताडून बघतात. साहित्यगुण काणेकरांच्या वाक्यावाक्यांत अधिक आहे यात शंका नाही, परंतु परक्या देशात आपण काय शोधायला आलो हे अण्णाभाऊंना अधिक नेमके ठाऊक आहे. एकाच देशाची, वीस वर्षांच्या अंतराने, एकाच रेल्वेमार्गाच्या दोन बाजूंच्या माणसांनी केलेली ही दोन वर्णने ज्या भाषेत आहेत, त्या भाषेच्या वाचकाला ती एकत्र मिळू नयेत ही खेदाची गोष्ट आहे.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. शिफारस करणारी केंद्रे गिरगावात होती. ‘सत्यकथा’ मासिक आणि मौज प्रकाशन खटाववाडीत. पॉप्युलर, मॅजेस्टिक ही दुकाने त्याच परिसरात. केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये केवळ ग्रंथांना वाहिलेले ‘ललित’ मासिक काढले तेही तेथूनच. ‘ललित’चे उपकार मी कमी लेखीत नाही. जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने जे सदर लिहीत त्यासाठी वाचक अंकाची वाट पाहत, आणि खेड्यातील शिक्षकाला मुंबईत काय छापले गेले हे कळू लागले ते या मासिकामुळे. तरी शहराच्या उत्तर सीमेवर काय लिहिले जात होते, ते गिरगावच्या टेबलापर्यंत पोचायला विलंब लागला, हे नाकारता येत नाही. नाशिकजवळच्या विहितगावातून दहाव्या वर्षी मावशीकडे लेबर कॅम्पात आलेल्या बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा, ‘मरण स्वस्त होत आहे’ १९६९ चा. मराठी कथेची भूमी या दोन पुस्तकांनी किती विस्तारली हे आज सर्वमान्य आहे. परंतु तत्कालीन मध्यमवर्गीय कुटुंबात पिशवीत घालून पुस्तक नेणाऱ्या मुलाला ती किती वेळा दिली गेली असतील, याविषयी मला शंका आहे. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले, ते एका अर्थाने अशा प्रस्थापित शिफारशीच्या बाहेर स्वतःची शिफारस उभी करणेच होते.

तेव्हा शीव कोळीवाड्यात उभे राहून एक निवड करायची झाली तर ती मी अशी करीन. कथात्म वाङ्मयात प्रथम बागुलांचे १९६३ चे पुस्तक, मग अण्णाभाऊंची ‘फकिरा’ (१९५९), जिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) आणि दळवींची ‘चक्र’ (१९६३), कारण खाडीकाठच्या झोपडीतील जगणे मराठी कादंबरीत इतक्या जवळून तत्पूर्वी आले नव्हते. कर्णिकांची करुणा मला दळवींच्या निर्दय रेखाटनापेक्षा थोडी हळवी वाटते, तरी दोन्ही वाचावीत. या चार पुस्तकांबरोबर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ठेवावी. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवरची ती लहानशी कादंबरी निर्वासितपणाचे दुःख ज्या संयमाने सांगते, तो संयम बराकींत आयुष्य नव्याने मांडणाऱ्या माणसांच्या या वस्तीतील वाचकाला विशेष जवळचा वाटेल.

प्रवासवर्णनांत काणेकर-साठे ही जोडी झालीच. तिच्याआधी दोन जुनी पुस्तके हवीत. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी १८८३ साली ही हकीकत लिहून काढली, ती ‘माझा प्रवास’ म्हणून १९०७ साली वैद्यांनीच प्रसिद्ध केली, तीही फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली सिद्ध केली, तीच वाचावी. दुसरे पुस्तक पंडिता रमाबाईंचे, १८८९ चे, अमेरिकेच्या लोकस्थितीचे. स्वतंत्र बुद्धीची एक मराठी स्त्री परदेशातील संस्था, शाळा, स्त्रियांची चळवळ यांची बारकाईने पाहणी करते, मोकळेपणाने प्रशंसा करते, आणि त्या देशात वर्णभेदाने माणसांचे काय केले हेही सांगायला कचरत नाही. इतक्या भक्कम माहितीवर उभे असलेले प्रवासवर्णन आपल्याकडे पुढील पन्नास वर्षांत क्वचितच झाले.

निबंधांची निवड मला सर्वांत अवघड जाते, कारण लघुनिबंधाच्या भरभराटीच्या काळात जे लिहिले गेले त्यातील बरेचसे आज निस्तेज वाटते. काणेकरांचे निवडक निबंध टिकले आहेत. इरावती कर्व्यांचे ‘परिपूर्ती’ (१९४९) मात्र पूर्ण वाचावे. त्यातील पंढरीच्या वारीवरील लेखात प्रवास, समाजशास्त्र आणि आत्मपरीक्षण ही तीन अंगे अशी एकजीव झाली आहेत की त्याला कोणत्या फडताळात ठेवावे असा प्रश्न ग्रंथपालाला पडावा. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) महिन्यामहिन्याला एकेक प्रकरण असे वर्षभर वाचावे, आणि मग ‘पैस’ (१९७०) हाती घ्यावे. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आयुष्याचा मोठा भाग व्यतीत करणाऱ्या या विदुषीने फूल, झाड, पाऊस यांच्याकडे ज्या उत्कटतेने पाहिले, ते वाचल्यावर शीवेच्या किल्ल्यावरील झाडेही निराळी दिसतील, असा माझा विश्वास आहे.

आता पुन्हा ग्रंथालयांकडे वळू. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, अनुदाने मिळाली, तपासनिसांची वर्दळ सुरू झाली. खरेदीच्या याद्या वरून मंजूर होऊ लागल्यावर टेबलापलीकडच्या माणसाचा निवाडा हळूहळू निरुपयोगी ठरला. आज दादर, नायगाव, माटुंगा, शीव या पट्ट्यातील जी ग्रंथालये तग धरून आहेत, त्यांच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे की आपल्या परिसरात लिहिली गेलेली, किंवा आपल्या परिसरातील माणसांनी लिहिलेली ही पुस्तके त्यांनी एका वेगळ्या फडताळात, दारातून येताच दिसतील अशी मांडावीत. आणि वाचकाला इतकेच सांगणे : पुढच्या खेपेस पुस्तक बदलायला जाल तेव्हा ‘माझा रशियाचा प्रवास’ आणि ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ ही दोन्ही मागा, आणि त्यांपैकी एखादे संग्रही नसेल तर सूचनावहीत त्याचे नाव लिहून, खाली आपली सही करून या.